परदेशी गेल्यावर महिलांच्या बायबल अभ्यास गटात सामील होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा देश, नवी भाषा, ओळखीचे कोणी नाही आणि हातात आपले मराठी बायबल. अशा वेळी महिलांचा अभ्यास गट शोधणाऱ्या भगिनींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी दर रविवारी उपासनेला जाते. मग वेगळा अभ्यास गट कशाला?

उपासनेत पाळक संदेश देतात आणि आपण ऐकतो. अभ्यास गटात एकच शास्त्रभाग सगळ्यांपुढे उघडा असतो आणि त्यात काय दिसले ते प्रत्येकजण सांगते. साधारण ६ ते १२ जणी, आठवड्यातून एकदा, दीड ते दोन तास. बारांहून जास्त झाल्या की त्याच चार-पाच जणी बोलत राहतात आणि बाकीच्या मान डोलावतात, म्हणून मोठ्या वर्गांचेही पुन्हा छोटे गट पाडतात.

परदेशात याला आणखी एक कारण आहे. उपासना संपली की दारात हात मिळवून सगळे आपापल्या घरी जातात. तुम्ही आठवडाभर तापाने झोपून होता, हे कुणाला कळायचे असेल तर तुमची वाट पाहणारे कोणीतरी हवे. गटात ती वाट पाहिली जाते. मात्र गटाला जाते म्हणून उपासना सोडली, असे करू नका.

२. गट शोधायचा कुठे? मंडळीच्या संकेतस्थळावर ‘बायबल स्टडी’ असे काही दिसतच नाही.

बहुतेक ठिकाणी नाव वेगळे असते. ‘विमेन्स मिनिस्ट्री’, ‘स्मॉल ग्रुप’, ‘लाइफ ग्रुप’, ‘होम ग्रुप’, ‘सेल ग्रुप’, ‘कनेक्ट ग्रुप’ या शब्दांखाली शोधा. तिथेही सापडले नाही तर कार्यालयाला सरळ विचारा की बायकांचा गट कोणत्या दिवशी भरतो. गट चालू असतो पण त्याची माहिती संकेतस्थळावर कोणी लावलेली नसते, असे फार वेळा घडते.

एकाच मंडळीशी बांधलेले नसलेले वर्गही आहेत. ‘बायबल स्टडी फेलोशिप’ ही त्यांतली जुनी संस्था. चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केलेल्या ऑड्री वेदरेल जॉन्सन यांना १९५२ साली कॅलिफोर्नियात पाच जणींनी शिकवण्याची विनंती केली, त्यातून हे काम उभे राहिले आणि १९५९ मध्ये त्याची संस्था झाली. ‘कम्युनिटी बायबल स्टडी’ १९७५ मध्ये अमेरिकेतच सुरू झाली. दोन्हींचे वर्ग अनेक देशांत चालतात, वेगवेगळ्या पंथांच्या बायका त्यांत एकत्र बसतात, आणि कुणाची ओळख नसताना नाव नोंदवता येते. अँग्लिकन मंडळ्यांत ‘मदर्स युनियन’ची शाखा आहे का ते पाहा. मेरी सम्नर यांनी १८७६ मध्ये सुरू केलेली ही संघटना आजही जगभर आहे. कॅथलिक असाल तर धर्मग्रामाच्या सूचनापत्रात शास्त्रवाचन गटाची नोंद असते.

३. चौकशी केली तर ‘आत्ता प्रवेश बंद आहे’ असे उत्तर आले. मला टाळत आहेत का?

बहुधा नाही. गटांचे वर्ष शाळेच्या वर्षासारखे चालते. उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबर ते मे, दक्षिणेकडे फेब्रुवारी ते नोव्हेंबर. तुम्ही एप्रिलमध्ये पोचला असाल तर अभ्यास संपत आलेला असतो. अशा वेळी दोन गोष्टी विचारा: पुढच्या सत्राची नोंदणी कधी उघडते, आणि सुटीच्या दिवसांत चार-सहा आठवड्यांचा छोटा अभ्यास आहे का. छोटा अभ्यास नव्या बाईसाठी खरे तर जास्त बरा, कारण तिथे सगळ्यांचीच घडी अजून बसलेली नसते.

४. पहिला निरोप काय लिहू? ओळख नसताना एकदम कसे विचारायचे?

पाच-सहा ओळी पुरेत. तुमचे नाव, किती दिवसांपूर्वी आलात, कोणत्या भागात राहता, कोणता वार आणि वेळ जमते, बरोबर मूल असेल तर त्याचे वय. मग एकच प्रश्न: ‘एकदा येऊन बसले तर चालेल का?’ आपल्या विश्वासाची सगळी वाटचाल पहिल्याच निरोपात लिहायची गरज नाही. शिफारसपत्रही कुणी मागत नाही. आठवड्यात उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा. गट चालवणाऱ्या बहुतेक जणी हे काम नोकरी-संसार सांभाळून करतात आणि निरोप खाली जातो. दुसऱ्यांदा विचारण्यात काही वावगे नाही.

५. पहिल्या दिवशी नेमके काय होते?

दीड तासाची बैठक असेल तर वेळ साधारण असा जातो: पहिली १०-१५ मिनिटे येणे-बसणे, मग छोटी प्रार्थना, शास्त्रभागाचे वाचन, ४० ते ५० मिनिटे प्रश्नांवर चर्चा, आणि शेवटची २० मिनिटे प्रार्थनेचे विषय व प्रार्थना. संस्थांच्या वर्गात चर्चेनंतर सगळ्यांसाठी एक व्याख्यानही असते.

दहा मिनिटे आधी पोचा. उशिरा गेलात तर सगळ्या गोल बसलेल्या असतात आणि तुम्हाला दारात उभे राहून जागा शोधावी लागते. नव्या बाईला तेच सगळ्यात अवघड जाते. वही, पेन आणि बायबल न्या. ‘आज मी फक्त ऐकते’ असे सुरुवातीलाच सांगितले की पुढारी बहीण तुम्हाला अचानक प्रश्न विचारत नाही.

एका बैठकीवरून गटाचा अंदाज बांधू नका. तीनदा जा. पहिल्यांदा सगळे अनोळखी वाटते, दुसऱ्यांदा नावे लक्षात राहतात, तिसऱ्यांदा गट कसा आहे ते दिसते.

६. घरी तयारी किती करावी लागते? आणि करायची कशी?

मंडळीच्या साध्या गटात आठवड्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. प्रश्नपत्रिका देणाऱ्या वर्गात रोज २०-२५ मिनिटे धरा. आदल्या रात्री एकदम करायला बसलात तर उत्तरे लिहून होतात, पण शास्त्रभाग डोक्यात मुरत नाही आणि चर्चेत वहीत पाहून वाचण्याची पाळी येते.

पद्धत बहुतेक ठिकाणी तीच: आधी काय लिहिले आहे ते पाहायचे, मग अर्थ, मग आचरण. पहिली पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते, म्हणून ती इथे उलगडून दाखवतो. मार्क ५:२१-४३ घ्या, याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडलेली स्त्री. तीनदा वाचा, तिसऱ्यांदा पेन हातात घेऊन. ‘बारा वर्षे’ हे शब्द दोनदा येतात, २५व्या वचनात स्त्रीच्या दुखण्यासाठी आणि ४२व्यात मुलीच्या वयासाठी. म्हणजे मुलगी जन्मली त्याच सुमारास ही बाई आजारी पडली. याईराचे नाव दिले आहे, तो सभास्थानाचा अधिकारी आहे. बाईचे नाव नाही. तरी दोघेही येशूच्या पायांशी येतात, २२ आणि ३३ पाहा. एक बाप आपल्या मुलीसाठी घाईत आहे, आणि वाटेत येशू थांबून दुसऱ्याच एका बाईला ‘मुली’ म्हणतो, वचन ३४. तो थांबलेला असतानाच इकडे याईराची मुलगी गेल्याची बातमी येते. हे सगळे शास्त्रभागाचा अर्थ सांगणारे कोणतेही टीकापुस्तक न उघडता दिसते.

आता अर्थाचे प्रश्न आपोआप सुचतात: बाई गुपचूप बरी झाली होती, मग येशूने तिला सगळ्यांसमोर का बोलते केले? लेवीय १५:२५-२७ काढून पाहा, म्हणजे तिला स्पर्श करणे लोकांना का नको होते ते कळेल. आचरणाचा प्रश्न शेवटी.

इथे चूक होते ती अशी. दोन वचने वाचून लगेच ‘मला यातून काय मिळाले’ यावर उडी मारली जाते. मग कोणताही शास्त्रभाग घेतला तरी उत्तर तेच निघते, ‘देवावर भरवसा ठेवा’. दुसरी चूक म्हणजे बायबलच्या तळटिपा आधी वाचणे. टीप वाचली की डोळे शोधणे थांबवतात. आधी स्वतः पाहा, मग टिपा.

७. माझे इंग्रजी कच्चे आहे. चर्चेत अडखळले तर?

अडखळा. पण त्रास कमी करण्याचे काही ठोस उपाय आहेत. पुढच्या आठवड्याचा भाग आधी मराठीत वाचा, मग गटाच्या भाषेत. तुम्हाला सांगायचा एक मुद्दा दोन वाक्यांत लिहून न्या आणि चर्चेच्या सुरुवातीलाच सांगून टाका. उशीर केलात तर तोच मुद्दा दुसरी कोणी मांडते आणि हाती काही उरत नाही. मोठ्याने वाचायची पाळी येणार असेल तर तुमची वचने आधी मागून घ्या. नको असेल तर ‘पास’ म्हणावे. ते सर्रास चालते.

खरा घोटाळा नावांचा होतो. मत्तय म्हणजे मॅथ्यू, योहान म्हणजे जॉन, पेत्र म्हणजे पीटर हे लवकर कळते. पण नव्या करारातले याकोबाचे पत्र इंग्रजीत ‘जेम्स’ होते, आणि इसहाकाचा मुलगा याकोब मात्र ‘जेकब’च राहतो. यशया ‘आयझाया’, हव्वा ‘ईव्ह’, यहोशवा ‘जॉशुआ’, प्रकटीकरण ‘रेव्हलेशन’. स्तोत्रसंहितेला ‘साम्स’ म्हणतात, त्यातला ‘प’ उच्चारत नाहीत. इय्योब म्हणजे ‘जोब’. स्पेलिंग नोकरीच्या ‘जॉब’सारखे असले तरी उच्चार लांब ‘ओ’चा. सहासष्ट पुस्तकांच्या नावांची मराठी-इंग्रजी यादी स्वतःच्या हाताने लिहून बायबलच्या पहिल्या पानाला लावा. महिन्याभरात ती लागेनाशी होते.

८. कोणते बायबल नेऊ? मराठी नेले तर विचित्र दिसेल का?

दोन्ही न्या. गटात कोणते भाषांतर वापरतात ते आधी विचारा. इंग्रजी गटांत बहुधा एनआयव्ही, ईएसव्ही किंवा एनएलटी असते, काही ठिकाणी १६११ चे किंग जेम्स. फोनवर ‘यूव्हर्जन’ अ‍ॅपमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळतात. तरी कागदी बायबल असू द्या. फोनवर एका वेळी सात-आठ वचने दिसतात, सगळा अध्याय नजरेत येत नाही, आणि मध्येच निरोप टपकतात.

आकडे जुळत नाहीत तेव्हा गोंधळू नका, त्याची कारणे ठरलेली आहेत. किंग जेम्समध्ये असलेली काही वचने, उदाहरणार्थ मत्तय १७:२१ किंवा प्रेषितांची कृत्ये ८:३७, नव्या इंग्रजी भाषांतरांत तळटिपेत गेली आहेत, कारण अधिक जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. तुम्ही जर्मन भाषेच्या गटात असाल तर आणखी फरक दिसेल: तिथे स्तोत्राचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ५१व्या स्तोत्रातले ‘शुद्ध हृदय’ आपल्याकडे वचन १० मध्ये, तिथे १२ मध्ये. योएलचे तिथे चार अध्याय आणि मलाखीचे तीन. आपल्याकडे बरोबर उलट.

९. बाकीच्या जणी वर्षानुवर्षे अभ्यास करतात. माझ्याकडे देण्यासारखे काय आहे?

तुमची भाषा. हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही.

इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, आणि मूळ ग्रीकमध्येही एकवचन-अनेकवचन वेगळे आहे. लूक २२:३१-३२ मराठीत उघडा. सैतानाने ‘तुम्हांला’ चाळण्याची मागणी केली आहे, म्हणजे सगळ्या शिष्यांना. पण येशूने प्रार्थना केली ती ‘तुझ्यासाठी’, एकट्या शिमोनासाठी. ईएसव्हीसारख्या इंग्रजी भाषांतरात तळटीप पाहिल्याशिवाय हा फरक नीट कळत नाही, आणि मराठी वाचणारीला तो पहिल्या वाचनात दिसतो. तसेच १ करिंथ ३:१६. ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ हे तिथे एकेका व्यक्तीला नाही, सगळ्या मंडळीला उद्देशून आहे. इंग्रजी गटात हे वचन हमखास वैयक्तिक शरीराकडे वळते. तिथे तुम्ही शांतपणे सांगू शकता की आमच्या भाषेत इथे अनेकवचन आहे. (आदरार्थी ‘तुम्ही’शी गल्लत होऊ शकते, म्हणून बोलण्याआधी संदर्भ पाहून घ्या.)

आणखी एक. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ आहेत. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला उठवतात. ते ‘आम्ही बुडतो’ म्हणतात की ‘आपण बुडतो’? ग्रीकमध्ये एकच रूप आहे, त्यामुळे मराठी भाषांतरकाराला निवड करावीच लागते. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात येशूही त्याच बुडत्या तारवात आहे. हा प्रश्न गटात ठेवून पाहा. तो फक्त आपल्यासारख्या भाषेतूनच निघू शकतो.

१०. मी कॅथलिक आहे, गट प्रॉटेस्टंट आहे. (किंवा उलट.) चालते का?

बहुतेक गटांत चालते. आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन चर्चेत कोणी अवघडत नाही. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंटमध्ये ६६. तोबित, यहूदीथ, सिराख, बारूख, ज्ञानग्रंथ आणि मक्काबीची दोन ही सात जास्तीची. गट शुभवर्तमान किंवा पत्रे घेत असेल तर हा फरक आडवा येत नाही. काही कॅथलिक उपासनाग्रंथांत स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो: परमेश्वर मेंढपाळ असल्याचे २३वे स्तोत्र तिथे २२वे.

मरिया, संत, प्रभुभोजन यांवर मतभेद निघतीलच. तेव्हा ‘आमच्याकडे हे असे मानतात’ इतके सांगून शास्त्रभागाकडे परत यावे. दर आठवड्याला तुमचा पंथ सोडण्याचा आग्रह होऊ लागला तर मात्र गट बदला.

११. माझा बाप्तिस्मा झालेला नाही. / मी ख्रिस्ती नाही, फक्त उत्सुकता आहे.

या. बहुतेक गटांचे दार उघडे असते. अगदी पहिल्यापासून सुरू करायचे असेल तर ‘अल्फा’सारखा ओळखवर्ग आधी करा, तिथे प्रश्न विचारणे हाच कार्यक्रम असतो. मार्काचे शुभवर्तमान आधी वाचा, १६ अध्याय आहेत, दोन बैठकांत होते. बाप्तिस्म्यासाठी कोणी तारीख ठरवून घाई करत असेल तर प्रश्न १७ वाचा.

१२. मोठ्याने प्रार्थना करावीच लागते का?

नाही. गोलाने प्रार्थना चालली असेल तर शेजारणीचा हात हलकेच दाबला की पाळी पुढे जाते. काही गटांत ज्या क्रमाने सुचेल तसे बोलतात, तिथे गप्प राहिलात तर कळतही नाही. करायचीच असेल तर तीन वाक्ये बसतात: एक आभाराचे, एक दुसऱ्या कुणासाठी मागणीचे, एक स्वतःसाठी, आणि आमेन.

मराठीत प्रार्थना केली तरी चालते. आधी एवढेच सांगा की मी माझ्या भाषेत करते. आमेन सगळ्यांना कळते.

१३. प्रार्थनेच्या विषयात किती मोकळे बोलावे? गोष्ट बाहेर गेली तर?

पहिले दोन महिने असेच विषय सांगा जे बाहेर गेले तरी तुमचे नुकसान होणार नाही: परीक्षा, नोकरीची मुलाखत, आईची शस्त्रक्रिया. त्या काळात ऐका की दुसरीच्या गोष्टींचे गटात पुढे काय होते. ‘हिच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत कुणाची अनुपस्थितीत चर्चा होत असेल, तर उद्या तुमचीही होईल. चांगल्या गटात पहिल्याच दिवशी नियम सांगतात की इथले इथेच राहील. सांगितला नाही तर विचारा. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरीचा विषय तिच्या परवानगीशिवाय लिहू नये. आपल्या माणसांचा गट असेल तर जास्त जपा, कारण तिथली गोष्ट नातेवाइकांमार्फत सासरी-माहेरी पोचायला एक फोन पुरतो.

या नियमाला अपवाद आहे. मुलावर अत्याचार होत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर पुढारी बहिणीला ते अधिकाऱ्यांना कळवावेच लागते, अनेक देशांत तसा कायदाही आहे. आणि घरात मारहाण होत असेल तर गटाच्या प्रार्थनेवर थांबू नका. त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक आणि महिलांसाठीची मदतवाहिनी पाठ करून ठेवा. ‘सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल’ एवढाच सल्ला देणारा गट तुम्हाला धोक्यात ठेवतो आहे. व्हिसाचे प्रश्नही गटातल्या ऐकीव माहितीवर सोडवू नका, त्यासाठी वकील किंवा अधिकृत कार्यालय गाठा.

१४. मूल लहान आहे. बरोबर नेऊ का?

सकाळच्या बऱ्याच गटांत मुले सांभाळण्याची सोय असते, पण जागा मोजक्या. नोंदणी करतानाच सांगा. चार गोष्टी विचारा: कोणत्या वयाची मुले घेतात, सांभाळणाऱ्यांची पडताळणी झाली आहे का, एका खोलीत किमान दोन मोठी माणसे असतात का, आणि मूल परत देताना ओळख कशी पटवतात. ताप, उलटी किंवा जुलाब झाले असतील तर मूल घरीच ठेवा. ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय घेत नाहीत. पहिल्या दिवशी १५ मिनिटे आधी जाऊन मुलाला खोली दाखवा. अंगावर पिणारे बाळ असेल तर ते तुमच्याजवळच बसवून घेतात.

१५. पैसे लागतात का?

अभ्यासपुस्तिकेचा खर्च आणि कधी मुलांच्या सोयीचा. परवडत नसेल तर सांगा, बहुतेक ठिकाणी तो माफ होतो. दशांशाची किंवा देणगीची सक्ती अभ्यास गटात नसते.

१६. पाळीची नोकरी आहे, दर आठवड्याला जमत नाही. ऑनलाइन पुरेल का?

पंधरवड्याने भरणारा गट शोधा, किंवा आधीच कबूल करून घ्या की दोनांतल्या एका आठवड्याला याल. न सांगता गैरहजर राहिले की लोक काळजी करतात, मग विचारणे सोडतात. ऑनलाइन मराठी गट मनाला फार आधार देतो आणि तो जरूर ठेवा. पण तुम्ही आजारी असाल तर तो दारात येऊ शकत नाही, म्हणून राहता तिथला एक गट हवाच. घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करणाऱ्या देशात असाल तर ऑनलाइन गटाची वेळ साधारण मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान एक तासाने सरकते. सगळ्यांत जास्त बैठका याच आठवड्यांत चुकतात.

१७. गट खरा आहे की फसवा, हे कसे ओळखावे? रस्त्यात भेटलेल्या दोघींनी अभ्यासाला बोलावले आहे.

नव्याने आलेल्या, एकट्या बायका हेरून जाळ्यात ओढणारे गट अनेक शहरांत आहेत. ते फार प्रेमळ असतात, आणि म्हणूनच ओळखायला कठीण. या खुणा पाहा.

ते आपल्या मूळ संघटनेचे नाव सांगत नाहीत, किंवा ‘सगळ्या मंडळ्यांचा गट’ म्हणून वेळ मारून नेतात. अभ्यासाबद्दल नवऱ्याला, आईला, आपल्या पाळकांना ‘एवढ्यात’ सांगू नका, म्हणतात. आठवड्यातून एकदाचे दोनदा होते, मग चारदा. तुमच्यासोबत कायम एक ‘मैत्रीण’ लावलेली असते, आणि तिला सांगितलेले शिकवणाऱ्या बाईला आधीच ठाऊक असते. वचने एका पुस्तकातून दुसऱ्यात उड्या मारत जोडली जातात, सलग अध्याय कधीच वाचला जात नाही. बायबलचा गुप्त अर्थ फक्त त्यांच्या एका गुरूला किंवा गुरुमातेला उलगडला आहे, असे हळूच कळते. प्रश्न विचारला की तो तुमच्या विश्वासाचा दोष ठरतो.

यातली एक खूण दिसली तर सरळ विचारा: तुमच्या संघटनेचे नाव काय, तिचा पत्ता कुठे, मी माझ्या पाळकांना पुढच्या वेळी बरोबर आणू का? खऱ्या गटाला याचे काहीच वाटत नाही. दोन खुणा दिसल्या तर जाणे थांबवा, क्रमांक ब्लॉक करा. ‘शेवटचे एकदा समजावून सांगायला’ भेटू नका. त्या भेटीला तिघी-चौघी येतात. पासपोर्ट, बँकेचे कार्ड आणि घराची किल्ली कुठल्याही गटातल्या कुणाकडे ‘सांभाळायला’ द्यायची नाही.

१८. घरी गट भरवणे कायदेशीर असते का?

देशावर अवलंबून आहे. काही देशांत नोंदलेल्या प्रार्थनास्थळाबाहेर धार्मिक सभा घ्यायला परवानगी लागते, काहींत मनाई आहे, आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाला साहित्य देणे हाही गुन्हा ठरू शकतो. नोकरीच्या व्हिसावर असाल तर त्याचा फटका संपूर्ण कुटुंबाला बसतो. अशा देशात नोंदणीकृत मंडळीच्या आवारातच भेटा, फोटो आणि नावे समाजमाध्यमांवर टाकू नका, आणि तिथल्या पाळकांचा सल्ला आधी घ्या. जिथे मोकळीक आहे तिथेही भाडेकरार वाचा. गाड्या आणि आवाज यांवरून शेजारी तक्रार करतात.

१९. शिकवण पटली नाही, किंवा गट सोडायचा आहे. कसे सांगू?

एखाद्या वचनाचा अर्थ पटला नाही तर ‘हे कोणत्या वचनावरून म्हणता?’ असे चर्चेतच विचारा. पुढारी बहिणीच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर तिला एकटीला भेटून बोला. तरी जमले नाही तर सत्राच्या शेवटी सोडा: ‘पुढच्या सत्राला मी नसेन, तुम्ही मला घेतलेत त्याबद्दल आभारी आहे.’ कारण सांगणे बंधनकारक नाही. नुसते गायब होऊ नका, कारण गटात तुमच्या जिवाला जीव लावलेली एखादी तरी असतेच. फसव्या गटाला मात्र हा शिष्टाचार लागू नाही.

२०. जवळपास गटच नाही. मी सुरू करू का? मी तर शिकवणारी नाही.

तिघी पुरेत, आणि शिकवणारी लागत नाही. प्रश्न विचारणारी लागते. आधी प्रश्न १८ तपासा आणि मंडळीच्या पाळकांच्या कानावर घाला. मग चार आठवडे ठरवा, जास्त नाही. ‘वर्षभर’ म्हटले की बायका कचरतात, चार आठवड्यांना हो म्हणतात.

रूथ घ्या. चार अध्याय, ८५ वचने, आठवड्याला एक अध्याय. एक तास: १० मिनिटे अध्याय मोठ्याने वाचणे, आळीपाळीने, ३५ मिनिटे चर्चा, १५ मिनिटे प्रार्थना. प्रश्न दर वेळी तेच तीन ठेवा: यात काय दिसले, कोडे कुठे पडले, या आठवड्यात काय करायचे. पुढारीण म्हणून तुमचे काम म्हणजे प्रश्नानंतरची शांतता सहन करणे. दहा सेकंद फार मोठे वाटतात आणि आपण घाईने स्वतःच उत्तर देऊन बसतो. तसे दोनदा झाले की बाकीच्या बोलणे सोडतात. मनात वीसपर्यंत मोजा.

पहिल्या अध्यायात रूथ सासूला सोडून माघारी जायला नकार देते, तिथे जास्त वेळ जाईल. जाऊ द्या, परदेशात बसलेल्या बायकांना तिथे बोलायचे असते. दुसऱ्यात शेतात सरवा वेचताना तिला कोण कसे वागवते ते वचनागणिक लिहून काढा. तिसरा अध्याय अवघड आहे, खळ्यातल्या रात्रीवर मते जुळणार नाहीत, तेव्हा वाद मिटवायच्या फंदात पडू नका. शेवटच्या आठवड्यात ४:१८-२२ मधली नावांची यादी कंटाळवाणी म्हणून वगळू नका. ती मोठ्याने वाचा, दावीदापाशी थांबा, आणि मग सगळ्यांना मत्तय १:५ उघडायला सांगा.